रांग लांब आहे का ते बघू नका, खिडकी किती वेगानं हलते ते बघा: वॉटर पार्कचा एक्स्प्रेस पास घ्यायचा की नाही

माझी एकतीस वर्षं रांगेच्या पलीकडच्या बाजूला गेली. पुण्यात एका सहकारी बँकेत मी कॅशियर होते. रांगेतली माणसं माझ्या तोंडाकडे बघत असायची आणि मी नोटा मोजता मोजता त्यांच्याकडे. एक तारखेला पेन्शनरांची साठ माणसांची रांग दारापर्यंत जायची, आणि दीड तासात खिडकी मोकळी. शेजारी ड्राफ्टच्या खिडकीवर सहाच माणसं असायची, पण त्यांनाही तोच दीड तास लागायचा. नवीन आलेला माणूस हमखास त्या सहांच्या मागे जाऊन उभा राहायचा आणि मग तासाभरानं माझ्यावर डाफरायचा.

वॉटर पार्कमध्ये जास्तीचे पैसे भरून रांग टाळायची की नाही, हे ठरवायला मला एवढंच ज्ञान उपयोगी पडलं. पण ते सुचायच्या आधी मी सहा हजार तीनशे रुपये पाण्यात घातले. खरोखरच्या पाण्यात.

झालं असं. जुलैतला बुधवार, आम्ही नऊ जण. धाकटे दीर अमेरिकेतून आलेले, त्यामुळे खर्चाचा हात सैल. तिकिटाच्या खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, "एक्स्प्रेस देऊ ना सगळ्यांना?" भावोजी म्हणाले, "द्या की." माणशी सातशे जास्तीचे. मनगटावर केशरी पट्टे बांधून आत गेलो तर पहिल्याच घसरगुंडीच्या जिन्यावर चिटपाखरू नव्हतं. साध्या बाजूनं चार मुलं पळत वर गेली, आम्ही शेजारच्या एक्स्प्रेसच्या बाजूनं गेलो, आणि एकाच वेळी वर पोचलो. वर उभा असलेला मुलगा आमचे पट्टे बघून हसला. दोन नातवंडं उंचीच्या पट्टीखाली होती, म्हणजे त्यांना सहापैकी चार घसरगुंड्या बंदच. पट्टे मात्र त्यांच्याही हातात. पार्कचं नाव घेत नाही. चूक आमचीच होती. खिडकीवर कोणी "देऊ ना?" असं विचारलं की मी आता आधी दोन पावलं मागे सरते.

आधी वार, मग पास

आपल्याकडे वॉटर पार्कची खरी गर्दी एप्रिल-मे महिन्यांत आणि त्यातही शनिवार-रविवारी. होळी-धुळवडीला जोडून सुट्टी आली तर तेव्हाही. पावसाळ्यातल्या मधल्या वारी पासची गरज जवळजवळ नसते. एक गोष्ट मात्र लोकांच्या लक्षात येत नाही. डिसेंबर-जानेवारीतला मधला वार मोकळा असेल असं वाटतं, आणि नेमक्या तेव्हाच शाळांच्या सहली असतात. म्हणून गाडी लावताना मी बसेस मोजते. पिवळ्या किंवा एसटीच्या पाच-सहा बसेस ओळीनं उभ्या दिसल्या की समजायचं, आत तीनशे मुलं आहेत आणि ती सगळी एकाच घसरगुंडीवर एकदम येणार आहेत. पण ती गटानं येतात आणि गटानंच जेवायला जातात. त्यांच्या जेवणाच्या वेळी आपण घसरगुंडीवर असलो की झालं, त्यासाठी पैसे मोजायला नकोत.

तिकीट आधी ऑनलाइन काढणार असाल तर नीट वाचून काढा. प्रत्येक ठिकाणी या पासचं नाव वेगळं. खोपोलीजवळच्या इमॅजिकात त्याला एक्स्प्रेस म्हणतात, बंगळुरूजवळ बिडदीच्या वंडरलात फास्टट्रॅक. इमॅजिकात थीम पार्क २०१३ साली सुरू झालं आणि वॉटर पार्क त्याच्या पुढच्या वर्षी. दोन्ही शेजारीशेजारी असली तरी तिकिटं वेगळी. घाईत भलत्याच पार्कचा एक्स्प्रेस काढून बसू नका. वंडरलात उलट आहे, एकाच तिकिटात कोरड्या आणि ओल्या दोन्ही राइड्स. मग तुमचा दिवस दोन्हीकडे वाटला जातो, आणि पासाचा हिशेबही दोन्हीकडचा मिळून करावा लागतो. मुलं दिवसभर पाण्यातच डुंबणार असतील तर कोरड्या राइड्सवर वाचणारी मिनिटं त्यात धरू नका.

दर वाचताना करही बघायचा. वॉटर पार्कच्या प्रवेशावरचा जीएसटी जानेवारी २०१८ मध्ये अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला. पण छापलेला दर कर धरून आहे की कर वेगळा, हे ज्यानं-त्यानं बघून घ्यावं. एक हजाराचे अकराशे ऐंशी होतात, आणि नऊ माणसं असली की तो फरक सोळाशे वीस रुपयांचा. आणि पासाच्या दरात प्रवेश धरलेला आहे की तो प्रवेशाच्या तिकिटावर जास्तीचा आहे, हेही. मागे एकदा आमच्या जाऊबाई "स्वस्त आहे गं" म्हणून खूश झाल्या होत्या. त्यात प्रवेश नव्हताच.

खिडकीवर काय विचारायचं

लाजायचं नाही. मागे रांग असली तरी नाही. मागची रांग कॅशियरनं सांभाळायची असते, तुम्ही नव्हे.

विचारा की पास कोणकोणत्या घसरगुंड्यांवर चालतो. सगळ्यांवर चालतो असं क्वचितच असतं. प्रत्येकीवर एकदाच की कितीही वेळा? या एका प्रश्नावर पासाची किंमत अर्धी किंवा दुप्पट होते. आज कोणती घसरगुंडी बंद आहे? दुरुस्तीसाठी एखादी बंद असतेच, आणि नेमकी तीच पासातली सगळ्यात मोठी असली तर पैसे कमी करणार का? पाऊस-विजा आल्या तर वरची माणसं सगळ्यांना खाली उतरवतात, तेव्हा पासाचं काय? बहुतेक ठिकाणी उत्तर "पैसे परत नाहीत" असंच येतं, पण ते आधी ऐकलेलं बरं.

आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: पास आत गेल्यावर घेता येतो का, आणि किती वाजेपर्यंत? आत मिळत असेल तर बाहेर घेऊच नका. आधी रांगा बघू द्या. पास मोजकेच असतात आणि गर्दीच्या रविवारी संपतात हे खरं, पण अर्ध्या तासात संपत नाहीत. तेवढा वेळ आपल्याला पुरतो.

जिन्याखाली उभं राहून मोजायचं

आता मुख्य काम. मुलं लॉकरपाशी कपडे बदलत असतात, नायलॉनचे कपडे भाड्यानं घ्यायचे की घरून आणलेले चालतात यावर वाद चाललेला असतो, तेव्हा मी एकटी निघते. पायात चप्पल ठेवते, कारण मे महिन्यात तिथली फरशी तव्यासारखी तापते. उंचातल्या उंच घसरगुंडीपाशी जाते आणि तिच्या तोंडाशी, म्हणजे जिथून माणसं पाण्यात पडतात तिथे, उभी राहते. मोबाइलवर पाच मिनिटं लावते आणि किती माणसं खाली आली ते मोजते. बस्स.

वर एक मुलगा शिट्टी घेऊन उभा असतो. पहिला माणूस खाली पाण्यातून बाजूला झाल्याशिवाय तो दुसऱ्याला सोडत नाही, सोडायचंच नसतं. त्यामुळे प्रत्येक घसरगुंडीचा वेग ठरलेला असतो आणि दिवसभर फारसा बदलत नाही. चटईवर पालथं पडून सहा-आठ जण शेजारीशेजारी सुटतात ना, ती घसरगुंडी म्हणजे पेन्शनची खिडकी. मिनिटाला आठ माणसं सुटली तर समोर ऐंशी माणसांची रांग दिसली तरी दहा मिनिटांत तुमचा नंबर. तिथे पासला पैसे घालणं म्हणजे रिकाम्या काउंटरवर वशिला लावणं.

उलट ती पेटीसारखी घसरगुंडी. काचेच्या कपाटात हात छातीशी बांधून उभं राहायचं आणि पायाखालची फळी एकदम सरकते. माझ्या घड्याळात माणसामागे पन्नास सेकंद लागत होते. काही जण आत जाऊन घाबरतात, रडतात, बाहेर येतात. ते पन्नास सेकंद वायाच. समोर तीसच माणसं होती, लांबून रांग छोटीशी दिसत होती, आणि ती पंचवीस मिनिटांची होती. ही ड्राफ्टची खिडकी. पासचे पैसे वसूल होतात ते अशा ठिकाणी.

चार जणांच्या मोठ्या रबरी नावेतून जायच्या घसरगुंड्या मधल्या. तिथे दोन गोष्टी बघा. नाव पट्ट्यावरून आपोआप वर जाते की आपण उचलून जिना चढायचा? आणि खाली नावेसाठी वेगळी रांग आहे का? एका ठिकाणी आम्ही पास दाखवून ऐटीत आत गेलो, आणि पाच पावलांवर सगळेच थांबलेले. नावाच शिल्लक नव्हत्या. जिन्याची रांग पासानं टळते, नावेची टळत नाही. ही गोष्ट कुठल्याही पाटीवर लिहिलेली नसते, तिथे उभं राहूनच कळते.

वर दोन रांगा एकत्र कशा होतात तेही बघा. शिट्टीवाला पासवाल्यांचा एक गट सोडतो, मग साधे दोन-तीन गट, मग पुन्हा पासवाले, असं काहीसं असतं. पासवाल्यांची रांगच वीस माणसांची झाली असेल तर पासला अर्थ उरत नाही. मेच्या रविवारी दुपारी एकदा मी असं पाहिलंय: साधी रांग सरकतेय आणि केशरी पट्टेवाले भिंतीला टेकून उभे आहेत.

लाटांचा तलाव, संथ नदी, रेन डान्स, लहान मुलांचा बादली उलटणारा भाग, इथे रांग नसतेच. घरातली निम्मी माणसं दिवसाचा निम्मा वेळ इथेच घालवतात, हे विसरू नका.

मिनिटाचा भाव

आता वही काढा. माझ्या डोक्यात आपोआप होतं, तुम्हाला लिहावं लागेल.

समजा प्रवेश बाराशे, खाणंपिणं चारशे, गाडीचा वाटा पाचशे, लॉकर आणि कपडे तीनशे. माणशी चोवीसशे. पार्कमध्ये प्रत्यक्ष सहा तास मिळतात, म्हणजे तीनशे साठ मिनिटं. एका मिनिटाला सहा रुपये सदुसष्ट पैसे. हा त्या दिवसाचा भाव.

आता पास नऊशेचा असेल आणि तुमच्या मोजणीप्रमाणे पेटीवाल्या घसरगुंडीवर पस्तीस, नावेच्यावर पंचवीस, आणखी दोन ठिकाणी मिळून तीस मिनिटं वाचत असतील, तर नव्वद मिनिटं झाली. मिनिटाला दहा रुपये. साडेसहा-सात रुपयांची वस्तू दहाला घेताय. मी घेणार नाही. तीच रांग तास-तासाची असेल आणि मिळून दीडशे मिनिटं वाचत असतील तर मिनिट सहा रुपयांना पडतं. तेव्हा मी मुकाट्यानं पाकीट काढते.

भाचा म्हणतो, मावशी, सुट्टीच्या दिवशी पैशांचा एवढा विचार करायचा नसतो. तो आयटीत आहे, त्याच्या मिनिटाचा भाव वेगळा. त्यानं त्याचा आकडा घालावा.

कोणाला घ्यायचा

सगळ्यांना सरसकट तर मुळीच नाही. लॉकरपाशी मुलांना उंचीच्या पट्टीशी उभं करा. मोठ्या घसरगुंड्यांना बहुतेक ठिकाणी चार फुटांच्या आसपास उंची लागते, काहींना त्याहून जास्त. नावेला एकूण वजनाचीही मर्यादा असते आणि तिथे काटा ठेवलेला असतो. आमच्या भावोजींना चारचौघांत त्या काट्यावर उभं राहावं लागलं आणि नंतर ते संध्याकाळपर्यंत लाटांच्या तलावातच बसले. त्यांचा पास गेला फुकट.

लहान मुलाला एकट्याला वर पाठवता येत नाही, म्हणून एका मुलाचा पास म्हणजे दोन पास समजा. आणि ज्याला मनातून भीती वाटते त्याला पास देऊ नका. रांगेतला अर्धा तास त्याला धीर गोळा करायला उपयोगी पडतो. पासनं तो पाच मिनिटांत कड्यावर उभा राहतो आणि मग जिन्यानं परत उतरतो. हे मी माझ्याच सुनेवरून सांगतेय.

गेल्या मेमध्ये आम्ही नऊ जण असताना मी तीनच पास घेतले: भाचा, त्याची बायको आणि मोठा नातू. तिघांना पेटीवाली आणि आणखी तीन हव्या होत्या. त्यांना सांगितलं, दीड वाजता जेवायला उपाहारगृहापाशी या. बाकी आम्ही सहा जण साध्या तिकिटावर पाण्यात.

त्या दिवशी नातवाबरोबर मीही पेटीच्या जिन्यानं वर गेले, पासवाल्यांचा सोबती म्हणून वरच्या कठड्यापर्यंत सोडतात. जिना ओला, काथ्याच्या चटया पाण्यानं जड झालेल्या. साध्या रांगेत एक बाई मुलीचा हात धरून उभी होती. मुलीचे ओठ निळसर झालेले, वर वारा लागत होता. आमचे पट्टे बघून बाई म्हणाली, "आम्ही पाऊण तास झाला उभे आहोत, ताई." भांडणाचा सूर नव्हता, माहिती दिल्यासारखं म्हणाली. नातवानं माझ्याकडे बघितलं. "आजी, आपण त्यांच्या पुढे का?" मी म्हटलं, "पैसे जास्त दिले म्हणून." तो म्हणाला, "मग त्यांनी का नाही दिले?" मी बँकेत मॅनेजरच्या ओळखीच्या माणसांची कामं मागच्या दारानं होताना एकतीस वर्षं बघितली आहेत, तरी मला पटकन उत्तर आलं नाही. शिट्टीवाल्याला मी म्हटलं, आधी त्या मुलीला जाऊ दे. तो म्हणाला, चालेल. आमची दोन मिनिटं गेली. तेरा रुपये चौतीस पैसे.

तिरुपतीला तीनशे रुपयांच्या दर्शनाच्या रांगेत मी उभी राहिलेय आणि पंढरपूरला आषाढीच्या बारीत रात्र काढलीय, त्यामुळे मला यात फार सोवळं पाळायचं नाही. पण पास घेतलात तर पुढे जाताना हसत-खिदळत, पट्टा नाचवत जाऊ नका. एवढं तरी.

अमेरिकेत आणखी एक तऱ्हा आहे. ऑर्लँडोला २०१७ साली उघडलेल्या व्होल्कॅनो बेमध्ये माणसाला मनगटावर टापू टापू नावाचा पट्टा देतात, तो घसरगुंडीपाशी टेकवला की नंबर लागतो आणि वेळ झाली की पट्टाच सांगतो. तोवर पाण्यात खेळा. भावोजींनी हे कौतुकानं सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. हे आमचं पितळी टोकन! चेक द्या, टोकन घ्या, बाकावर जाऊन बसा, नंबर पुकारला की या. अर्थात तिथेही जास्तीचे पैसे देऊन रांग टाळायचा पास वेगळा मिळतोच. डिस्नेनं १९९९ मध्ये फास्टपास काढला तो फुकट होता, २०२१ पासून फ्लोरिडात त्याच्या जागी पैसे लागायला लागले.

पास न घेता

ज्यांचं गणित जमत नाही त्यांच्यासाठी. दार उघडताना तिथे असा, आणि दारापासची पहिली घसरगुंडी सोडून थेट लांबच्या, संथ खिडकीवाल्या घसरगुंडीवर जा. सगळा लोंढा पहिलीवरच थांबतो. दुपारी एक ते दोन लोक जेवतात, तेव्हा तुम्ही जेवू नका. साडेअकराला घरचे धपाटे गाडीत खाऊन घ्या, कारण बाहेरचं खाणं बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत.

आणि लाटांचा भोंगा. लाटा दिवसभर चालू नसतात, ठरावीक वेळानं सुरू होतात आणि त्याआधी भोंगा वाजतो. भोंगा वाजला की जिन्यावरची माणसं "चला चला" करत तलावाकडे पळतात. त्या दहा-पंधरा मिनिटांत रांग निम्मी होते. मी जिन्याखाली बाकावर बसून त्या भोंग्याची वाट बघते आणि मुलांना तेव्हाच सोडते. हा माझा फुकटचा एक्स्प्रेस.

शेवटचा तासही तसाच. गेल्या मेमध्ये पाच वाजता पेटीवाल्या घसरगुंडीवर कोणीही नव्हतं. नातू लागोपाठ तीनदा जाऊन आला, त्याचा केशरी पट्टा कोणी बघितलासुद्धा नाही.

पट्टा घट्ट बांधून घ्या. तुटला की बहुतेक ठिकाणी दुसरा देत नाहीत, आणि पावती दाखवा म्हणतात. ती पावती खिडकीपासून चार पावलांवर जाऊन आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तो कागद आपल्या पासबुकासारखा नसतो, ओला झाला की लगदा होतो. भाच्याच्या बायकोच्या खिशातून संध्याकाळी जी निघाली ती कोरी पांढरी होती.